शिशाचा अ‍ॅप्रन

"तारखेवर बोट ठेवा आणि झालं की सांगा," असं म्हणून रत्नपाल तायडे पाठ फिरवून उभे राहिले.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका औषधाच्या कंपनीत त्या दिवशी नव्या भरतीच्या लोकांचे छातीचे एक्सरे चालले होते. पॅकिंगच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्प्या सरकवून जागा केली होती, मधोमध चाकांचं मशीन उभं होतं आणि एका कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून आडोसा केला होता. सकाळपासून पुरुष झाले होते. आता बायकांची रांग लागली होती आणि पहिलीच बाई आडोशाच्या आत, भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरसमोर उभी होती.

हे कॅलेंडर तायडे जिथे जातील तिथे बरोबर नेत. बाईचा एक्सरे काढण्याआधी, ती गरोदर नाही ना हे कळावं म्हणून, तिला शेवटची पाळी कधी आली ते विचारायचं, असा त्यांच्या धंद्याचा नियम. नियम करणाऱ्याने मिशीवाल्या परक्या पुरुषाचा विचार केलेला नव्हता. मिलच्या दवाखान्यात नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात तायडेंनी एका बाईला हा प्रश्न सरळ विचारला, आणि मिलची शिफ्ट सुटल्यावर तिचा नवरा हातात मागाचा लाकडी धोटा घेऊन जाब विचारायला आला. तेव्हापासून ही युक्ती. बाईने तारखेवर बोट ठेवायचं, तायडेंनी वळून बघायचं, मनात दिवस मोजायचे. दोघांनीही तोंडातून शब्द काढायचा नाही. एकवीस वर्षांत पुन्हा कुणी धोटा घेऊन आलं नव्हतं.

"ठेवलं," बाई म्हणाली.

तायडेंनी पाठ फिरवून दोन क्षणही झाले नव्हते. त्यांनी वळून पाहिलं. बोट सत्तावीस जानेवारीवर होतं, घट्ट.

बाई त्यांच्या ओळखीची होती. अशोक माळवदे नावाच्या विणकराची बायको, वसुंधरा. मिल चालू असताना अशोकच्या खोकल्यापायी तायडेंनी त्याच्या छातीचे चार-पाच फोटो काढले होते. ती तेव्हा बाहेर बाकावर बसलेली असे.

"वहिनी, मोजलं नाहीत?"

"मोजायचं काय भैया, लक्षात आहे ना."

तायडेंची नजर त्या बोटावरच होती. हजारो बायकांची बोटं त्यांनी पाहिली होती. खरं सांगणारी बाई कॅलेंडरसमोर आली की आधी पेरं मोजते, मग संक्रांतीला तीळ भाजायला बसले होते की नव्हते ते आठवते, बोट दोन दिवस पुढे नेते, एक दिवस मागे आणते. असं थेट येऊन बसणारं बोट घरून पाठ करून आलेलं असतं.

"किती महिने झाले?" त्यांनी हळूच विचारलं.

वसुंधराने आधी चादरीकडे पाहिलं. पलीकडे कंपनीचा, भरती बघणारा पर्सनलवाला साहेब यादी घेऊन खुर्चीत बसला होता.

"दोन झाले," ती कुजबुजली. "भैया, तुम्ही बोलू नका हां कुणाला. ह्यांची मिल बंद होऊन साडेचार वर्षं झाली. चार ठिकाणी जाऊन आले, खोकतात म्हणून कोणी ठेवतच नाही. आता मला घेऊन राहिलेत तर हे असं. तीन महिने कच्ची नोकरी आहे, मग पक्की. पक्की झाले की मीच सांगून देईन. आत्ता कळलं तर गेटवरूनच वापस."

"आणि मग एक्सरे?"

"एका फोटोनं काय होतं? घरात टीव्ही आहे, रेडिओ आहे, त्यातून पण किरणं येतात म्हणे. कुणाला काही झालं का?"

हा तायडेंच्या जिव्हाळ्याचा विषय. एरवी त्यांनी बाकावर बसवून अर्धा तास सांगितलं असतं. दवाखान्यात येणाऱ्या विणकरांना ते नेहमी सांगत की हे सगळे एकाच घरातले सख्खे भाऊ आहेत. थोरला रेडिओवाला, शांत माणूस, गाणी ऐकवतो आणि भिंतीतून निघून जातो. त्याच्या पाठचा मायक्रोवेव्ह, तो नव्या श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात आलाय, दूध उतू घालवतो. मग शेकाच्या दिव्यातला. मधला भाऊ म्हणजे आपला उजेड, तेवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा. त्याच्यानंतरचा उन्हात कातडी जाळतो, वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्याला रात्रभर रडवतो. मग आमचा एक्सरे आणि शेवटी गॅमा. जितका धाकटा तितका तापट. थोरल्याच्या मांडीवर बसलं तरी चालतं, धाकट्यांशी मात्र बेताने वागायचं.

आज एवढा वेळ नव्हता.

"वहिनी, रेडिओ वेगळा आणि हा वेगळा. खरं सांगतो, एका फोटोनं बहुतेक काही होत नाही. पण जो आत आहे त्याला विचारलंय का कुणी? त्याच्या अंगावर हे किरण कशाला घालायचे?"

वसुंधराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, संपलं. तायडे मनात एकेक वाट तपासू लागले. तिला परत पाठवावं तर साहेब कारण विचारणार. टीबी आहे की नाही ते पाहायचं असल्यामुळे फोटो तर काढायलाच हवा. पोट झाकून काढावा, तर जिचं एकटीचं पोट झाकलं तिच्याबद्दल हॉलमधल्या चाळीस लोकांना न सांगता कळणार. आणि झाकायला होता तरी काय? शिशाचा अ‍ॅप्रन एकच होता, तो तायडेंच्या अंगावर होता. मिल बंद झाल्यावर तायडे ज्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये लागले होते, तिथे मशीन चालवणाऱ्याला भिंतीचा आडोसा असे. कॅम्पमध्ये मशीनच्या बटणाची सहा फुटांची वायर आणि हा अ‍ॅप्रन, एवढंच.

त्यांनी पाठीमागच्या गाठी सोडल्या. चांगला पाच-सहा किलोंचा अ‍ॅप्रन वसुंधराच्या कमरेला मागच्या बाजूने लावून तिला पुढे गाठ मारायला सांगितली, कारण छातीच्या फोटोत किरण पाठीकडून येतात. मग आडोशाची चादर बाजूला सारून ते मोठ्याने म्हणाले, "सगळ्या लेडीजनी ऐका! आत आलं की आधी हा अ‍ॅप्रन बांधायचा. एकीने सोडला की दुसरीने घ्यायचा."

"ये क्या नया नाटक है भिया?" पर्सनलवाल्याने यादीतून मान वर केली.

"रूल है साहब. लेडीज का."

"कब से?"

"पहले से है. मानता कोई नहीं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबाने खांदे उडवले आणि पुन्हा यादीत डोकं घातलं. वसुंधराला मशीनसमोर उभं करून तायडेंनी उजेडाची चौकट खालून आवळली, म्हणजे किरण छातीपुरतेच पडतील. "श्वास घ्या. रोखा," ते म्हणाले. मशीनचा कट् आवाज झाला. वसुंधराने गाठ सोडून अ‍ॅप्रन पुढच्या बाईच्या हातात दिला आणि मान खाली घालून बाहेर गेली. त्या दिवशी अडतीस बायका झाल्या. अडतिसांच्या कमरेला अ‍ॅप्रन होता. फक्त तायडे वायरच्या टोकाला नुसत्या शर्टावर उभे होते.

त्यांना किरणांचं भय नव्हतं असं कुणी समजू नये. उलट त्यांच्याइतका भिऊन वागणारा माणूस इंदूरच्या एक्सरेवाल्यांत सापडला नसता. वडील महूच्या लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय होते, त्यांनी मुलाला ह्या कामाला लावलं आणि मिलच्या दवाखान्यात तायडे नानांच्या हाताखाली शिकले. नाना म्हणजे तिथला जुना एक्सरेवाला. रडणाऱ्या लेकरांचे हातपाय उघड्या हातांनी मशीनखाली धरायचे, तीस वर्षं धरले. आधी नखं फुटली, मग बोटांची कातडी सुकली, शेवटी उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. नानांनी उरलेल्या तीन बोटांनी तायडेंना एवढंच शिकवलं की हे किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून त्यांना विसरायचं नाही. तायडे विसरले नाहीत. अ‍ॅप्रनच्या आत छातीवर बिल्ला असे, अंगावर पडलेले किरण त्यात नोंदले जात. दर तीन महिन्यांनी तो तपासायला मुंबईला जाई आणि तायडेंच्या नावापुढे दरवेळी शून्य येई. एकवीस वर्षं शून्य. अशा माणसाने अ‍ॅप्रन काढून दुसऱ्याला बांधला, ह्याची किंमत ज्याने त्याने करावी.

बरं, ते एका दिवसावर थांबलं नाही. एका कंपनीत रूल आहे म्हटलं की दुसरीत नाही कसं म्हणणार? त्या दोन महिन्यांत नवे कारखाने धडाधड उघडत होते, रोज कुठे ना कुठे भरतीचा कॅम्प होता. तायडे प्रत्येक ठिकाणी अ‍ॅप्रन बायकांना देत राहिले. सेंटरच्या मालकांकडे त्यांनी दोनदा दुसरा अ‍ॅप्रन मागितला. "बघू," असं दोनदा उत्तर मिळालं.

एप्रिलच्या शेवटी मुंबईचं पत्र आलं.

भंवरकुआंजवळच्या त्या डायग्नोस्टिक सेंटरचे मालक डॉक्टर सुजय दिघे हे पस्तिशीतले, कामाला वाघ, मनाने वाईट नव्हेत. त्यांनी तायडेंना केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला.

"तायडेजी, हे काय आहे? तुमचा आकडा? तुमचा?"

आकडा लहान होता, धोक्याच्या रेषेच्या बराच खाली होता. पण शून्य नव्हता, आणि नेहमी शून्य येणाऱ्या माणसाचा आकडा का आला ते लेखी कळवा, असं पत्रात होतं.

"बाकीच्यांचं बघा. झीरो, झीरो, झीरो."

"त्यांचे बिल्ले ड्रॉवरमध्ये असतात सर."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं होतं लावून फिरायला!" डॉक्टर बोलून गेले आणि मग स्वतःच ओशाळले. "असं बघा. तो पर्सनलवाला सांगत होता, तुम्ही लेडीजना अ‍ॅप्रन बांधत होता. कोणी प्रेग्नंट होती का त्यांच्यात? असेल तर नाव सांगून द्या. मी लिहितो की पेशंटसाठी ऑपरेटरने अ‍ॅप्रन दिला. तुम्ही क्लीन. कंपनीला तेवढं कळवावं लागेल, कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे."

"आणि नुसतं लिहिलं, की सगळ्यांनाच बांधला?"

"मग मुंबईवाले विचारतील का बांधला, आणि कंपनी सगळ्यांची प्रेग्नन्सी टेस्ट करवेल. नाहीतर मग निष्काळजीपणा लिहा. पण ते रेकॉर्डला लागेल, नोटीस बोर्डवर लावावं लागेल. आणि सीटी स्कॅन येतंय, त्याचं इनचार्ज म्हणून तुमचं नाव मी ठरवलं होतं. ते मग मी कसं देऊ?"

सीटी स्कॅन. तायडेंनी त्या मशीनचं माहितीपत्रक मागवून घेतलं होतं, डिक्शनरी घेऊन रोज एक पान वाचत होते. शहरात तेव्हा असली मशिनं बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्यासमोर बसायला मिळावं, एवढी एकच हाव त्या माणसाने आयुष्यात धरली असेल.

वसुंधराची नोकरी पक्की व्हायला पंधरा दिवस उरले होते.

"कोणी नव्हतं सर तसं," तायडे म्हणाले. "कागद द्या."

त्यांचं अक्षर सुरेख होतं. त्याच सुरेख अक्षरात त्यांनी लिहिलं की कॅम्पच्या वेळी मी अ‍ॅप्रन घालायला विसरलो, चूक सर्वस्वी माझी आहे. लिहिताना हात थांबला नाही, पण सही करायच्या आधी त्यांनी 'विसरलो' हा शब्द पुन्हा एकदा वाचला. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. विसरणं ही एकच गोष्ट त्यांनी कधी केली नव्हती. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, तायडेंकडे पाहिलं, काहीतरी विचारावं असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी कागद फाइलला लावला.

मे महिन्यात अशोक बाजारात भेटला. खोकत खोकत, पण हसून त्याने सांगितलं की वसुंधरा पक्की झाली आणि घरात बातमीही आहे. त्याला पुढचं-मागचं काही ठाऊक नव्हतं. तायडेंनी अभिनंदन केलं, बायकोला लोहाच्या गोळ्या वेळेवर देत जा म्हणून बजावलं आणि सायकल वळवली.

सीटी स्कॅनवर बाहेरून शिकून आलेला दुसरा माणूस बसला. तायडे जुन्या एक्सरेच्या खोलीतच राहिले. खोलीच्या दाराशेजारीच नोटीस बोर्ड होता. एका दुपारी जनाबाई नावाची एक म्हातारी गुडघ्याच्या फोटोसाठी नंबर धरून बसली होती. बोर्डावरच्या कागदाकडे तिने दोन-तीनदा पाहिलं.

"भैया, काय लिहिलंय रे त्याच्यात? आमच्या नंबराचं आहे का काही?"

तायडेंनी कागदाकडे पाहिलं. "नाही मावशी. इथल्या एका माणसाने काम करताना अ‍ॅप्रन घातला नाही, विसरला. म्हणून त्याला ताकीद दिलीय."

"बरं केलं," जनाबाई म्हणाली. "असल्या मशीनपाशी बेफिकीर माणूस नकोच."

"नकोच," तायडे म्हणाले आणि तिला उठायला हात दिला.