कळवतो

दारावर पितळी पाट्याच पाट्या होत्या. एकेका पाटीवर एकेक कंपनी, आणि आत पाहावं तर एक खोली, एक टेबल, एक फोन आणि खुर्चीत मास्तर. फोनला छोटे छोटे दिवे होते. ज्या कंपनीचा दिवा लागेल तिचं नाव घेऊन बोलायचं. सकाळी मास्तर जहाजांची कंपनी असत, दुपारी औषधांची. जेवायला मात्र एकटेच.

बेटाचा कायदाच तसा होता. परदेशी माणसानं इथं खुशाल कंपनी काढावी, इथल्या सवलती घ्याव्यात, फक्त एक डायरेक्टर बेटावर राहणारा हवा. म्हणून शाळेतून निवृत्त झालेला हा गणिताचा मास्तर पुढ्यात येईल त्या कागदावर सह्या करायला बसला. कंपन्या उभ्या करून देणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मास्तर, कुणी काहीही विचारलं तरी हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. कळवतो म्हणायचं. निर्णय तुमचा नसतो.”

मास्तरांना ते इतकं अंगवळणी पडलं, की भाजी काय करू असं बायकोनं विचारलं तरी ते “कळवतो” म्हणत. बायको कपाळाला हात लावायची.

मग तो जहाजवाला आला. त्याची जहाजं इतकी जुनी, की कुठलीही विमा कंपनी आधी माणूस पाठवून तळ तपासून घ्यायची आणि मान हलवून परत जायची. गड्यानं ठरवलं, आपणच विमा कंपनी काढू. जहाज आपलं, विमा आपला, तपासणारही आपणच. परवान्यासाठी बँकेत भांडवल दाखवावं लागतं, ते दाखवलं. परवाना हातात पडला आणि भांडवल आल्या वाटेनं परत गेलं. अहो, गणिताचा मास्तर तो, त्याला का हे कळलं नाही? सगळं कळलं. पण डायरेक्टर म्हणून मीटिंगमध्ये हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं आणि हात वर केला.

वर एक मागणीही केली. जावई इंजिनाचा मेकॅनिक, बरेच महिने घरी बसून होता. “त्याला एखाद्या जहाजावर लावून घ्या,” मास्तर म्हणाले. जहाजवाला हसला. “एवढंच? झालं समजा!”

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते छाती फुगवूनच. लेकीचं तोंड मात्र उतरलं.

“बाबा, जहाज फार जुनं आहे म्हणतात.”

“अगं, विमा उतरवलाय त्याचा! आणि कुणाच्या कंपनीत? तुझ्या बापाच्या!”

जावई भोळा. “मग काय काळजी आहे?” म्हणाला आणि बॅग भरायला लागला. विमा कंपनीचं बँकेतलं रिकामं खातं मास्तरांना डोळ्यांपुढे दिसत होतं. पण घरात पहिल्यांदाच लोक त्यांना डायरेक्टर म्हणत होते, आणि ते मूग गिळून गप्प बसले. तिथंच चुकलं.

दूर समुद्रात वादळ झालं त्या दिवशी दुपारी विमा कंपनीचा दिवा लागला. तो दिवा क्वचितच लागायचा. मास्तरांनी फोन उचलून कंपनीचं नाव सांगितलं. पलीकडे कुठल्याशा दूरच्या बंदराचा अधिकारी होता.

“तुम्ही विमा उतरवलेलं जहाज बंदराच्या तोंडाशी आहे. इंजिन बंद, तळाला भेग. आत घेतलं आणि वाटेतच बुडालं, तर बंदर बंद पडेल. ते बाहेर काढायचा खर्च तुम्ही देणार असाल तर आत घेतो. देणार का?”

त्यानं जहाजाचं नाव सांगितलं. जावयाचंच जहाज. मास्तरांनी ते नीट ऐकलं, आणि तरी जीभ सवयीनं वळली. “कळवतो.”

“लवकर कळवा. माणसं आहेत त्यावर.”

मास्तरांनी खाडकन फोन ठेवला. त्यांनी जहाजवाल्याला फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तेच. मग वकीलबाईंना लावला.

“खबरदार हो म्हणाल तर!” बाई कडाडल्या. “त्या कंपनीत दमडी नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? ठाऊक असून हमी दिलीत तर ती फसवणूक. घर जाईल, वर तुरुंग.”

“बाई, माझा जावई आहे हो त्यावर!”

बाई म्हणाल्या, “मी काही ऐकलं नाही,” आणि त्यांनी फोन ठेवला.

आता कुणाला विचारायचं? विचारायला कुणी उरलंच नव्हतं. हो म्हणायचं तर खोटं बोलायचं, आणि त्या एका खोट्यानं माणसं वाचणार होती. उचलायचा फोन आणि म्हणायचं, हो. बस्स. पण मास्तर भ्याले. साफ भ्याले. घर आठवलं, तुरुंग आठवला, हात फोनवर जाऊन मागे आला. लेकीचं तोंड आठवलं, पुन्हा हात पुढे गेला, पुन्हा मागे. खिडकीबाहेर रस्त्यावर ऊन होतं, वादळाचा इथं मागमूस नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

शेवटी त्यांनी बंदराला फोन लावला. “हो,” ते ओरडले. “देतो हमी! घ्या आत, आत घ्या त्यांना!”

पलीकडे तोच अधिकारी होता.

“साहेब, तुमचं काही येईना. तोंडाशी ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून आम्ही त्यांना ओढून खोल पाण्यात नेत होतो. दोर तुटला. जहाज दिसत नाही आता. बोटी शोधताहेत, पण आशा धरू नका.”

मास्तरांनी फोन ठेवला, की तो हातातून पडला, देव जाणे.

दार उघडलं. लेक होती, धापा टाकत जिना चढून आलेली, आणि तोंडावर हसू.

“बाबा, ह्यांचा फोन आला होता जहाजावरून! आधी घाबरले होते. मग म्हणाले, विमावाल्यांचा होकार आला की आत घेणार आहेत. म्हणाले, काळजी करू नकोस, विमा बाबांचाच आहे. तुम्ही हो म्हणालात ना?”

“म्हणालो,” मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“मला ठाऊकच होतं,” म्हणत तिनं पदरानं घाम टिपला आणि समोरची खुर्ची ओढली. “मग मी इथंच बसते. आत घेतलं की पहिल्यांदा तुम्हालाच कळवतील.”