हिरवा ठिपका

नवा फोन घेतला त्या सकाळी त्यावर लाल ठिपका दिसला, आणि तिनं पहिली शिवी फोनलाच घातली. मनातल्या मनात हो. ऑफिसात ती मोठ्यानं काही बोलतच नसे. वडील गेल्यापासून तर नाहीच.

ठिपक्याची भानगड अशी. वडील होते तोवर फोन तेच उचलायचे, गप्पा तेच मारायचे, आई मागून दोन शब्द टाकायची. ते गेल्यावर मायलेकींना फोनवर बोलताच येईना. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." पुढे नुसता श्वास. म्हणून लेकीनं, हिनं, युक्ती काढली. आईच्या ओट्याजवळ एक बटण लावलं. सकाळी आईनं ते दाबलं की सर्व्हरवर नोंद व्हायची, आणि हिचं ॲप त्या सर्व्हरला विचारायचं, आज दाबलं का? दाबलं असलं की हिरवा ठिपका. आई ठीक आहे. ही किराणा इथूनच मागवायची, बिलंही इथूनच भरायची. लेकीचं कर्तव्य कसं, बसल्या जागी पार. हिला त्याचं बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

तर आज लाल. जुन्या फोनवर कधी म्हणून लाल दिसला नव्हता. तिनं लॅपटॉप उघडला आणि रोजच्या सवयीनं एकेक तपासत गेली. नेट चालू होतं. सर्व्हरची गुप्त चावी बरोबर होती. मग ॲप रोज पाठवतं तीच विचारणा, ती रिक्वेस्ट, हातानं पाठवून पाहिली. उत्तर आलं, चारशे चार. सापडलं नाही. म्हणजे सर्व्हरचा पत्ता चुकला असणार, असं धरून तिनं पत्ता अक्षर न् अक्षर तपासला. तो चोख होता. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

शेजारच्या टेबलावरचे वयस्कर टेस्टर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते मान वळवून बघत होते. काय अडलंय ते तिनं थोडक्यात सांगितलं.

"आईला फोन केलास का?" काका म्हणाले.

"आधी एरर बघते," ती म्हणाली.

फोन हातातच होता, बरं का.

तिनं कालची तारीख घालून विचारलं. चारशे चार. परवाची घातली, तेच. मागच्या आठवड्याची, मागच्या महिन्याची, तेच ते. खूप मागे गेल्यावर एकदाचं दोनशे आलं. दोनशे म्हणजे सगळं ठीक. म्हणजे पत्ता बरोबर होता, सर्व्हर खरं बोलत होता. त्या दिवसानंतर बटण कुणी दाबलेलंच नव्हतं.

मग इतके दिवस हिरवं काय दिसत होतं? तेही तिनंच लिहिलं होतं. रिक्वेस्ट फसली तर फोनमध्ये साठवलेलं शेवटचं चांगलं उत्तर दाखवायचं. गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून त्यांच्या ऑफिसात सगळीकडे असंच लिहीत, आणि हिनं प्रोग्रॅमचा तोच तुकडा उचलून इथे चिकटवला होता. नव्या फोनकडे जुनं उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं खरं सांगितलं एवढंच.

तिच्या छातीत काही हललं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिनं आईचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली.

"बोल," आई म्हणाली.

तिनं विचारलं, "आई, तू बटण दाबत नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"पहिल्यांदा दाबायचे की. मग म्हटलं, एक दिवस नको दाबायला. बघू, फोन करतेस का." आईचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा सरळ होता. "नाही केलास. दुसऱ्या दिवशी वाटलं, करशील. मग सोडून दिलं."

"मला रोज हिरवं दिसत होतं, आई."

"असेल बाई. मला त्यातलं काय कळतंय?"

काका उठून पाण्याची बाटली भरायला गेले. फोनवर पलीकडे आईच्या चपला फरशीवर घासत कुठेतरी जाऊन आल्या.

"घे, दाबलं," आई म्हणाली. "बघ आलं का. आणि ठेव आता, कामात असशील."

तिनं रिक्वेस्ट पुन्हा पाठवली. दोनशे. फोन कानापासून जरा दूर धरून पाहिलं, तर ठिपकाही हिरवा झाला होता.

"आलं?" आईनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही आलं अजून. तू थांब फोनवर."