एक डिस्क आली की एक कॅसेट गेली

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पाठीवर निळ्या शाईने 'अक्कलदाढ : काढण्याची सुधारित पद्धत' असे लिहिलेले आहे. ते वाचून घाबरू नका. माझ्या पोटात दात नाहीत. माझ्या पोटात 'दीपगृहातला पाहुणा' नावाचा एक कृष्णधवल चित्रपट आहे आणि तो फार थोर आहे. निदान तीन माणसे तरी तसे म्हणतात, आणि त्या तिघांनी तो माझ्याच पोटातून एकोणचाळीस वेळा पाहिला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही हजारो बहिणी एकाच पट्ट्यावरून सरकत पुढे गेलो आणि प्रत्येकीच्या पोटात पाव किलोमीटर लांबीची तपकिरी फीत गुंडाळली गेली. तेव्हा आम्हाला कोऱ्या म्हणत. कोरे असण्याचा काळ थोडाच असतो, आणि तो बहुतेक दुकानाच्या काचेमागे ऊन खात जातो. मला तिथून उचलले ते दातांच्या डॉक्टरांनी.

डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता आणि टीव्ही मागच्या खोलीत. एके दुपारी ते एका घड्याळजींच्या दाढेवर काम करत होते. नुकतीच भूल दिली होती. तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "अहो, तो तुमचा दिव्याचा सिनेमा लागलाय."

डॉक्टर हातमोज्यांसकट आत धावले आणि त्यांनी मला यंत्रात सरकवले. त्या काळी चित्रपट टिपायचा तर जाहिराती लागल्या की बटण दाबून थांबवावे लागे आणि संपल्या की पुन्हा सोडावे लागे. हे काम दुसऱ्यावर सोपवणे संग्राहकाच्या रक्तात नसते. पेशंट मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नव्हता, म्हणून तो तसाच राहिला. दहा मिनिटांनी घड्याळजी एक गाल जड झालेल्या अवस्थेत दारात येऊन उभे राहिले. बोलता येत नसल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही. मग ते खुर्चीच्या हातावर टेकले, मग खुर्चीत बसले. शेवटच्या प्रसंगात दीपगृहाचा रखवालदार होडीत बसून एकटाच निघून जातो. तेव्हा घड्याळजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"भूल उतरली वाटतं. फार दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारले.

"दाढ नाही हो," घड्याळजी म्हणाले. "तो गेला ना."

भूल पुन्हा द्यावी लागली, पण मैत्री जडली ती कायमची.

माझ्या पाठीवर अक्कलदाढ आली ती त्याच संध्याकाळी. डॉक्टरांच्या घरी येणारे-जाणारे नातेवाईक हाताला लागेल त्या कॅसेटवर हवे ते चढवत. त्यांच्या मेहुण्याने एका अजरामर चित्रपटाच्या उत्तरार्धावर कुस्तीचा सामना टिपला होता. त्यामुळे त्या घरातल्या साऱ्यांना नायिकेने शेवटी कोणाला वरले ते ठाऊक नव्हते, पण तिसऱ्या फेरीत कोण चीत झाला ते तोंडपाठ होते. म्हणून डॉक्टरांनी माझ्यावर असे काही लिहिले की कोणाला हात लावावासाच वाटू नये. युक्ती चालली. एकदाच एक होतकरू दंतवैद्य मला अभ्यासासाठी घेऊन गेला. आठवड्याने परत आणून देताना तो गंभीरपणे म्हणाला, "पद्धत नीटशी कळली नाही, सर. पण मनाला भिडली."

अशी माझी वीसेक वर्षे सुखात गेली. मग डिस्क आल्या.

डिस्क म्हणजे आमच्या सवती. सडपातळ, चकचकीत, गुंडाळायची कटकट नाही, मागे-पुढे जायला वेळ लागत नाही. एकेका जुन्या चित्रपटाची डिस्क निघू लागली आणि डॉक्टरांच्या कपाटात जागा पुरेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर एकच ओळ होती : एक डिस्क आली की एक कॅसेट गेली. या ओळीवर अपील नव्हते. ज्या चित्रपटाची डिस्क येई, त्याची कॅसेट भंगाराच्या पिशवीत जाई.

आता तुमच्या लक्षात आले असेल की माझे पुढचे आयुष्य कशावर अवलंबून होते.

दर रविवारी चार वाजता डॉक्टर, घड्याळजी आणि एक निवृत्त ग्रंथपालबाई असे तिघे जमत. विषय एकच, पुढे कोणत्या चित्रपटाची डिस्क निघणार. डिस्क काढणारी कंपनी दर महिन्याला एक पत्रक पाठवी. त्याच्या तळाशी एक कोड्यासारखे चित्र असे आणि त्यावरून येणारा चित्रपट ओळखायचा असे. तिघे भिंग घेऊन त्या चित्रावर ओणवे होत. ग्रंथपालबाईंनी तर कंपनीच्या सगळ्या डिस्कचे क्रमांक एका वहीत उतरवले होते. त्यात बासष्ट नंबर सुटलेला होता. कंपनीने तो कोणासाठी तरी राखून ठेवला आहे, यावर तिघांचे एकमत होते. कोणासाठी, यावर कधीच झाले नाही.

"हा पक्षी खांबावर बसलाय. खांब म्हणजे दीपगृह. ठरलं," घड्याळजी म्हणत.

"खांबाला तार आहे. हा टपालखात्यावरचा सिनेमा आहे," ग्रंथपालबाई म्हणत.

"तार नाही हो बाई, ती माझ्या चष्म्यावरची रेघ आहे," डॉक्टर म्हणत.

त्यांना हा खेळ वाटे. मला मात्र प्रत्येक रविवारी माझ्या फाशीची तारीख ठरते आहे असे वाटे. मित्रांनो, सात वर्षे मी त्या पक्ष्यांना, खांबांना आणि ढगांना भीत जगले. दर महिन्याला दुसराच कुठला तरी चित्रपट निघे, कपाटातली एखादी शेजारीण पिशवीत जाई आणि मी मनातल्या मनात सुस्कारा सोडी. शेजारणीबद्दल वाईट वाटे. पण खोटे कशाला बोलू, आधी बरे वाटे आणि मग वाईट.

आठव्या वर्षी पत्रकावर चित्रच आले नाही. सरळ लिहून आले : बासष्ट, 'दीपगृहातला पाहुणा'.

तिघांनी ते वाचले. इतक्या वर्षांचा तर्क खरा ठरल्यावर माणसे नाचतील असे मला वाटले होते. पण घड्याळजी भिंग पुसत म्हणाले, "यांनी चित्र तरी काढायचं होतं."

डिस्क शनिवारी आली. डॉक्टरांनी मला कपाटातून काढले, रुमालाने पुसले आणि इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "राग मानू नकोस बरं का." मी मानला. मग डॉक्टरीणबाईंनी मला भंगाराच्या पिशवीत टाकून ती पिशवी बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवली. भंगारवाला रविवारी दुपारी येत असे.

खिडकी उघडी होती, त्यामुळे पुढचे सगळे मी पिशवीतून ऐकले. चार वाजले. तिघे टीव्हीसमोर बसले. नवी डिस्क पारदर्शक वेष्टनात टेबलावर उभी होती.

"चला, फोडा," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही फोडा. तुमचा हात हलका आहे," डॉक्टर म्हणाले.

"हलका आहे म्हणून तर नको त्या ठिकाणी घालत नाही."

"एक मिनिट," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ही पहिल्या छपाईची आहे. कोपरे बघा, एक सुरकुती नाही. एकदा वेष्टन गेलं की हिच्यात आणि कुठल्याही वापरलेल्या डिस्कमध्ये फरक राहत नाही. मी आपलं सांगून ठेवते."

संग्राहकाला अशी गोष्ट सांगून ठेवणे म्हणजे पोहायला निघालेल्याला पाण्याची खोली सांगण्यासारखे आहे.

"तुम्हीही मागवली होती ना, घड्याळजी? तुमची आणा की," डॉक्टर म्हणाले.

"माझीही बंदच आहे."

"मग ती फोडू."

"ती कशाला? माझी काय रस्त्यावर पडलीये?"

"बाई, तुमची?"

"माझी मी कपाटातसुद्धा ठेवलेली नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मलमलीत गुंडाळून ठेवलीये. तिला उजेड चालत नाही."

म्हणजे चित्रपट एक, डिस्क तीन, आणि बघायला एकही नाही. सात वर्षे ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती हातात आल्यावर तिचा कागद फाडायला तीन थोराड माणसांत एक धजेना. स्वयंपाकघरातून डॉक्टरीणबाई कात्री घेऊन आल्या.

"द्या इकडे."

"वहिनी, जपून," घड्याळजी म्हणाले आणि डिस्क उचलून त्यांनी छातीशी धरली.

"अहो, बेचाळीस वर्षं लोकांचे दात उपटलेत तुम्ही," डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आणि एक कागद फाडवत नाही?"

"अगं, दात पुन्हा बसवता येतो," डॉक्टर म्हणाले.

मग घड्याळजींनी दबक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, कॅसेट कुठाय?"

मित्रांनो, त्या वेळी मी वजनकाट्याच्या आकड्याला लटकत होते. भंगारवाला केव्हाच आला होता, आणि माझ्या वर एक फुटका पंखा आणि खाली जुनी इस्त्री अशी माझी शेवटची सोबत ठरली होती. दार धाडकन उघडले. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय तसाच, अशा थाटात डॉक्टर फाटकाशी आले.

"अहो, ती पिशवी खाली ठेवा."

"काट्यावर चढली, साहेब."

"मग उतरवा."

भंगारवाल्याने मला बाहेर काढले आणि माझी पाठ मोठ्याने वाचली. "अक्कलदाढ. काढण्याची सुधारित पद्धत." त्याने डॉक्टरांच्या पिकल्या केसांकडे पाहिले. "दवाखाना बंद केलात ना, साहेब?"

"केला. पण हिच्याशिवाय चैन पडत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला सदऱ्याच्या आत धरले. त्यांचे काळीज माझ्यापेक्षा जास्त धडधडत होते. मला तरी काळीज नाही. मला दोन चाके आहेत, आणि ती दोन्ही त्या क्षणी सैल पडली.

दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. "एक आली की एक गेली," त्या म्हणाल्या. "ही परत येणार असेल तर दुसरं काय जाणार ते सांगा."

डॉक्टर घरभर बघू लागले. डॉक्टरीणबाईंना बघायची गरज नव्हती.

"पलंगाखालची पत्र्याची पेटी," त्या म्हणाल्या.

त्या पेटीत बेचाळीस वर्षांच्या पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे होते. डॉक्टरीणबाईंनी ती गोष्ट संसारभर पोटात ठेवली होती आणि तिच्यावरच झोपल्याही होत्या. डॉक्टरांनी मान खाली घातली. भंगारवाल्याने पेटी घेतली, पण जबडे घ्यायला साफ नकार दिला. हल्ली ते कुंड्यांभोवती ओळीने मांडलेले आहेत, आणि शेजारची मांजरे आमच्या अंगणात फिरकत नाहीत.

मग मला यंत्रात घातले. यंत्रही म्हातारे झाले आहे, ते आधी कुरकुरले, मग चालले. डॉक्टरांनी डिस्कला टीव्हीकडे तोंड करून उभे केले, तिलाही दिसावे म्हणून. समुद्र उसळला, दिवा फिरू लागला, पाहुणा आला. शेवटी रखवालदाराची होडी निघते तिथे माझी फीत दुमडलेली आहे, त्यामुळे होडीवरून एक पांढरी रेघ थरथरत जाते. त्यांना ती पाठ आहे. डॉक्टरीणबाईसुद्धा कात्री मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसल्या. आणि घड्याळजी, ज्यांच्या दाढेत आता काही उरलेले नाही, रुमाल शोधू लागले.

गेल्या महिन्याच्या पत्रकावर म्हणे पुन्हा एक चित्र आले आहे. पाण्यावर एक गोल आहे. घड्याळजींच्या मते तो आपल्याच चित्रपटाच्या आणखी स्वच्छ आवृत्तीचा चंद्र आहे. ग्रंथपालबाईंच्या मते ते टायर आहे. डॉक्टर म्हणाले, "चंद्र असेल तर मग ही आत्ताच कशाला फोडा? ती येईपर्यंत थांबू." हे ऐकून मला किती हलके वाटले, ते तुम्हाला सांगायला नकोच.

पण मित्रांनो, एक गोष्ट सांगायलाच हवी. मी दर वेळी चालले की माझ्यातले थोडेसे झडते. पाहून झाल्यावर घड्याळजी यंत्राचे आतले भाग फडक्याने पुसतात, आणि फडक्यावर एक तपकिरी डाग उमटतो. तो डाग म्हणजे मी. त्याचे मला दुःख नाही. मी वापरात संपते आहे, पडून नाही. खरे वाईट वाटते ते माझ्या नव्या शेजारणीचे. तिला धूळ माहीत नाही, ओरखडा माहीत नाही, आणि आपल्या पोटात काय आहे तेही माहीत नाही. त्या रविवारी तिला वेष्टनातून अंधुक दिसले तेवढेच. ती मला विचारते, "माझ्यात चांगलं आहे ना हो काही?"

म्हणून तुमच्या कपाटात असे काही बंद करून जपलेले असेल, तर ते उघडा. वस्तूला जपायचे ते तिला कामाला यावे म्हणून. वस्तूला वाट बघता येते, पण वाट बघणे हे काही तिचे काम नव्हे.

मी तिला दुपारच्या वेळी तिची गोष्ट थोडी थोडी सांगत असते. पाहुणा दार ठोठावतो तिथपर्यंत आम्ही आलो आहोत. शेवट मात्र मी सांगणार नाही. ती होडी तिच्या पोटात रेघेवाचून जाते, आणि ती तशी जाताना कधीतरी मलाही बघायची आहे.