तिसरं पाणी

बाईंच्या खिडकीसमोर, रस्ता ओलांडला की, कातडी कमावण्याचा कारखाना होता आणि त्या कारखान्याचा वास बाईंच्या घरात न विचारता राहायला आला होता. नोकरी संपली की माणसं कुंड्यांत झाडं लावतात, नातवंडं बिघडवतात, एकमेकांना गुडघे दाखवतात. बाईंनी अर्ज लिहायला घेतले. अकरा वर्षांत सतरा. प्रत्येक अर्जाची भाषा शुद्ध, मुद्दे क्रमाने, अक्षर फळ्यावरचं टपोरं. सतराव्या अर्जावर नगर कार्यालय एकदाचं हललं. कारखाना बंद का करू नये, यावर दोन महिन्यांनी सुनावणी लागली.

वास खरा होता. त्यात बाईंनी एका अक्षराची भर घातली नव्हती. पण वास येतो म्हणजे तिथे माणसं काय करतात हे आपल्याला कळतंच, असं धरून चालणाऱ्या लोकांची एक जात असते, आणि ती शिकलेल्यांत जास्त सापडते. बाई त्या कारखान्यात अकरा वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या.

सुनावणीची तारीख कळवणारं पत्र आलं त्याच आठवड्यात बाई जिन्यात बसल्या. चक्कर आली, डोळ्यांपुढे काळोख आला आणि सातव्या पायरीवर त्या बसल्या त्या उठेचनात. घरात त्या आणि त्यांची वहिनी, म्हणजे भावाच्या माघारी राहिलेली त्याची बायको, दोघीच. वहिनीने शेजाऱ्याला हाक मारली, गाडी बोलावली, इस्पितळ गाठलं.

डॉक्टर तरुण होता. कागदाच्या पाठीवर त्याने हृदय काढलं. चित्र इतकं वाईट होतं की बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला.

"रक्त बाहेर सोडणारं हे मोठं दार," तो म्हणाला. "तुमचं दार चुन्यासारखं कडक झालंय. उघडतच नाही नीट. ते बदलावं लागेल. दारं दोन प्रकारची. एक धातूचं. खूप वर्षं चालतं, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. आणि तुमच्या पोटातून दोन वर्षांपूर्वी रक्त गेलंय."

"म्हणजे दार राहील आणि घर जाईल," वहिनी म्हणाली.

"अगदी बरोबर. म्हणून दुसरं. गुरांच्या हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. पातळ, पण चिवट. तिच्या पाकळ्या कापून, हाताने शिवून दार तयार करतात. त्याला गोळ्यांची तेवढी कटकट नाही."

"मेलेल्या जनावराचं," बाई म्हणाल्या. "ते आत कुजणार नाही?"

"नाही. आधी रसायनात मुरवतात. म्हणजे कसं सांगू..." त्याला एकदम सोपं उदाहरण सुचलं आणि तो बिचारा खूश झाला. "कातडं कमावतात ना, बाई? साधारण तसंच."

वहिनीने पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर आलंच. डॉक्टर गोंधळून दोघींकडे बघत राहिला.

बाईंनी सही केली नाही. विचार करते म्हणाल्या. डॉक्टर म्हणाला, "करा. पण तीन-चार आठवड्यांत करा. असंच ठेवलंत तर पुढच्या वर्षी तुम्ही मला भेटाल यावर मी पैज लावणार नाही."

घरी आल्यावर वहिनीचं हसू संपलं आणि तोंड सुटलं.

"वन्सं, तुम्ही मराल पण नाक खाली करायच्या नाहीत."

"मला किळस येते. येते, त्याला मी काय करू?"

"पायात काय घालता?"

"चपला पायात असतात."

"मग? पाय काय गरिबाघरचे आणि हृदय मोठ्या घरचं?"

बाईंनी खिडकी लावून घेतली. वहिनीला वाटलं, अडून बसल्या. पण किळस वरवरची होती. खाली भीती होती, आणि ती साधी होती. रात्रंदिवस ओलं राहणारं कातडं, आत, काळजात. ते फाटलं तर? सडलं तर? उमज पडल्याशिवाय बाईंनी आयुष्यात कशावर सही केली नव्हती. आणि ओलं कातडं सडतं की टिकतं, हे ज्याला पोटापाण्यापुरतं ठाऊक होतं असा एकच माणूस त्यांच्या पंचक्रोशीत होता. तो समोर होता. त्याच्यावर सतरा अर्ज होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई रस्ता ओलांडून गेल्या. चाळीस पावलांत तीनदा थांबल्या. रस्त्याकडेने कारखान्याचं घाण पाणी उघडंच वाहत होतं.

आत जमीन ओली होती. डावीकडे हौदांची रांग, वर दांड्यांवर निथळत टाकलेली कातडी, कोपऱ्यात गरगर फिरणारं लाकडी पिंप. दोन माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून कातडी उलटीपालटी करत होती. कारखान्याच्या मालकाला सगळेजण 'हौदवाले आबा' म्हणत. कोपरापर्यंत हात तपकिरी, कितीही घासले तरी तसेच. त्यांची लेक दाराशी माल मोजत होती. तिने बाईंना बघितलं आणि आत ओरडली, "आबा, अठरावा अर्ज आला! या खेपेला पोस्टमन नाही, बाई स्वतः आल्यात."

आबांनी एक बादली पालथी घातली, खांद्यावरच्या फडक्याने पुसली आणि म्हणाले, "बसा. धाप लागलीय तुम्हाला."

बाई बसल्या. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी जे होतं ते सांगितलं. दार, पिशवी, रसायन. आणि मग वर्गात हात वर करून उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. सतत ओलं राहिलं तर ते कुजेल का?"

लेकीच्या जिभेवर काहीतरी झणझणीत आलं होतं. तिने ते गिळलं.

आबा फळीवरून एक काचेची बाटली घेऊन आले. रुंद तोंडाची, पाण्याने भरलेली. तळाशी बोटभर लांबीचा कातड्याचा तुकडा.

"ही बाटली तुमच्यामुळेच आहे," ते म्हणाले. "तुमचा पहिला अर्ज. तुम्ही लिहिलं होतं, इथे कातडी कुजतात. निरीक्षक आला. मी त्याच्यासमोर त्या दिवशीच्या तयार मालातला तुकडा साध्या पाण्यात टाकला आणि म्हटलं, साहेब, हा कुजला की या. साहेब काही आले नाहीत. मी अधूनमधून पाणी बदलतो. अकरा वर्षं झाली."

त्यांनी तुकडा काढून बाईंच्या तळहातावर ठेवला. मऊ होता. कानाच्या पाळीसारखा. बाईंनी दोन्ही हातांनी ताणला. ताणला गेला, परत आला. मग, ज्या नाकाने अकरा वर्षं अर्ज लिहिले होते, ते नाक त्यांनी त्या तुकड्याला लावलं. काही नाही. पाण्याचा वास.

"वास कमावलेल्याचा नसतोच," आबा म्हणाले. "वास कच्च्याचा, आणि केस सोडवायच्या चुन्याच्या हौदाचा. हे झालं की संपलं. तुमच्या डॉक्टरचं औषध वेगळं असेल, आमचं वेगळं. पण कामाची रीत मला दिसतेय. औषध आत मुरलं पाहिजे, वरवर लावून भागत नाही. आणि मुरलं की उरलेलं बाहेर काढलं पाहिजे. तीन पाणी. पहिल्या पाण्यात वरचं जातं, दुसऱ्यात मधलं, तिसऱ्यात पोटातलं. तिसरं चुकलं तर कातडं दिसायला तेच, पण घालणाऱ्याच्या अंगाला चावतं."

"सांगा की आबा," लेक म्हणाली. आता तिला गिळवेना. "तिसरं पाणी कुणी बंद पाडलं ते पण सांगा."

"जाऊ दे."

"का जाऊ दे? बाई, तुमचा बारावा अर्ज. पाण्याचा. मला पाठ आहे. 'तीनऐवजी दोन वेळा धुतल्यास एक तृतीयांश पाण्याची बचत होईल.' ऑफिसला फार आवडलं ते. हुकूमच आला. आम्ही दोन पाण्यांवर माल काढला, त्याचे बूट झाले, घालणाऱ्यांच्या पायांना फोड आले. सगळा माल परत. सहा माणसं घरी बसली. त्यांतला एक माझा नवरा."

पिंप गरगरत होतं. बाईंना ते वाक्य आठवत होतं. त्या वाक्यावर त्या खूश झाल्या होत्या. गणित बरोबर होतं, दहापैकी दहा गुणांचं. फक्त कातडं कसं धुतात हे त्या गणितात कुठे नव्हतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही लिहीत होता."

बाईंनी मान खाली घातली. वहिनीने ते बघितलं असतं तर नाक खाली आलं, आता सही होणार, हे तिने ओळखलं असतं.

आबांनी तुकडा परत बाटलीत टाकला. "बसवून घ्या, बाई," ते म्हणाले. "टिकेल. फक्त एक विचारा. धुतात किती वेळा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी ढकलगाडीवरून नेताना वर एकामागून एक दिवे जात होते. ऑपरेशनच्या खोलीत हिरव्या टोपीतली एक नर्स त्यांच्यावर वाकली. डोळे तेवढे दिसत होते.

"घाबरलात?"

"हो," बाई म्हणाल्या. "एक विचारू? ते दार औषधातून काढलं की धुता ना?"

नर्स थांबली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "धुते. मीच धुते. निर्जंतुक मिठाच्या पाण्यात."

"किती वेळा?"

"तीन वाडग्यांत. घड्याळ लावून."

"तिसरं पाणी..."

"तिसरं नाही चुकत, बाई. ते औषध अंगात गेलं तर त्रास होतो. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"आमच्या समोरच्या आबांनी," बाई म्हणाल्या. अकरा वर्षं त्यांच्या तोंडी तो माणूस 'तो कातडेवाला' होता. मग सुई टोचली आणि बाई पाणी मोजत मोजत झोपल्या. तिसऱ्याला पोचल्या की नाही ते त्यांना आठवत नाही.

जाग आली तेव्हा छातीवर कुणीतरी बसून गेल्यासारखं दुखत होतं. पण श्वास. श्वास तळापर्यंत जात होता. इतकी वर्षं तो वरच्या पायरीवरूनच परत येत होता, हे त्यांना आता कळलं.

"वन्सं," वहिनी कानाशी म्हणाली, "शिंगं फुटली का?"

"हसवू नकोस गं, टाके आहेत."

"डरकाळी फोडून दाखवा."

"गुरं हंबरतात, वेडे," बाई म्हणाल्या, आणि वहिनी ढसाढसा रडायला लागली. शुद्ध भाषा ऐकली, आता धोका टळला, अशी तिची खात्री झाली.

घरी जाताना त्यांना एक छोटं कार्ड मिळालं. त्यावर दाराचा नंबर होता. बाईंनी विचारलं, जनावर कोणतं, कुठलं? कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कुणीतरी पाळलेलं असणार, कुणीतरी मारलेलं असणार. कुणीतरी ती पिशवी न फाडता सोडवली, कुणीतरी बारीक सुईने शिवली. त्यांच्यातल्या बहुतेकांना बाईंनी आपल्या शेजारी बसायला बादलीसुद्धा पुसून दिली नसती. हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर शरम वाटली. कार्ड त्यांनी पाकिटात, भावाच्या फोटोमागे ठेवलं. रोज सकाळी डोळे उघडले की त्या छातीवर हात ठेवून ते आतलं उघडमीट मोजत आणि कुणाकुणाचे आभार मानत, नाव ठाऊक नसलेल्यांचे आधी.

सुनावणीच्या दिवशी बाई नगर कार्यालयाचे दोन मजले न थांबता चढल्या. वहिनी मागे धापा टाकत होती. खोलीत आबा आणि त्यांची लेक एका बाकावर बसलेले. अधिकाऱ्याने बाईंना खुर्ची दिली.

"या, बाई. तुमच्या चिकाटीमुळे हुकूम तयारच आहे. तुम्ही फक्त दोन शब्द बोला."

बाई उभ्या राहिल्या. "वास येतो," त्या म्हणाल्या. "आजही येतो. मी खोटं बोलणार नाही."

लेकीने आबांकडे बघितलं. आबा जमिनीकडे बघत होते.

"पण माझा बारावा अर्ज चुकीचा होता. गणित बरोबर आणि अर्ज चुकीचा. तो मी मागे घेते, तुमचा हुकूमही मागे घ्या. यांना तिसरं पाणी मिळालं पाहिजे. घाण पाणी रस्त्यावरून उघडं वाहतं ते यांच्यामुळे नाही. गटार बांधणं आणि पाणी शुद्ध करायची टाकी बसवणं हे कुणाचं काम आहे, ते तुमच्याच नियमांच्या पुस्तकात आहे. पान मी खुणेसाठी दुमडून आणलंय. अकरा वर्षांत ते तुम्हीही उघडलं नाहीत आणि मीही नाही."

"म्हणजे?" अधिकारी गडबडला. "मग बाई, तुमची तक्रार नक्की आहे कुणावर?"

"आता तुमच्यावर."

त्या दिवशी कारखाना बंद झाला नाही. हुकूम तहकूब, टाकीची चौकशी, पुढची तारीख. कार्यालयाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिसऱ्या पाण्याची मुभा तिथल्या तिथे लिहून मिळाली. बाई सही होईपर्यंत टेबलाशी उभ्या होत्या.

परतताना चौघं एकाच रस्त्याने आले. कारखान्याच्या दाराशी बाई थांबल्या. काय बोलायचं ते त्यांनी मनात दहा वेळा लिहिलं होतं, क्रमाने, मुद्द्यांसह. त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

"आबा," त्या म्हणाल्या, "मी जगले."

आबांनी मान हलवली. मग त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "तिसरं पाणी दिलं ना त्यांनी?"

"दिलं. घड्याळ लावून."

"मग टिकेल," आबा म्हणाले आणि बाह्या सारत हौदाकडे निघून गेले.

लेक मात्र दारातच होती. "बाई, हृदय नवीन झालं. नाक जुनंच आहे ना? उद्या चुन्याचा हौद उपसायचाय."

"अगं बाई! मग मी खिडकी लावून घेते."

"अर्ज नाही?"

"लिहायचाय ना. टाकीचा," बाई म्हणाल्या. "पण या खेपेला आधी तू सांग, मग मी लिहिते."

लेकीने आत जाऊन ती बादली आणली, पालथी घातली आणि फडक्याने पुसली.