माळावरचं माकडशिंग

भाद्रपदातलं ऊन. पिवळंधमक, खणखणीत, तव्यावरून आत्ताच उतरवल्यासारखं. माणदेशाचा माळ क्षितिजापर्यंत उताणा पडलेला, आणि त्याच्या उरावर निवडुंगच निवडुंग: हरितधार, कंटकमंडित, तृषाजयी. कुणी लावले नाहीत, कुणी राखले नाहीत, तरी ताठ उभे.

त्या निर्जन, निर्जल, निःशब्द रस्त्यावरून एक पांढरी मोटार चालली होती, आणि आतली शांतता बाहेरच्याहून कडक होती. चालवत होते भास्करराव. शेजारी त्यांची पत्नी हेमलता. अबोल्याचा आज एकविसावा दिवस.

कारण काय, तर एक कुंडी! हेमलतेनं बोटभर तुकड्यापासून अकरा वर्षं वाढवलेलं माकडशिंग: चौधारी, निष्पर्ण, निवडुंगाचं धाकटं भावंड शोभेल असं. पावसाळा सरता सरता त्याला श्यामजांभळ्या फुलांचा गेंद यायचा, आणि घरभर मेल्या उंदराची दुर्गंधी सुटायची. "हेमा, वास येतोय!" भास्करराव दरवर्षी ओरडायचे. तिला कुठला येणार? लहानपणीच्या तापात तिला वासच कळेनासा झालेला. तिच्यासाठी ते नुसतं फूल होतं.

यंदा गणपतीला पाहुणे येणार, म्हणून या शहाण्या माणसानं तिला न विचारता ती अख्खी कुंडी घंटागाडीत टाकली. त्या सकाळपासून ती त्यांच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

म्हणून हा तीन दिवसांचा प्रवास. माकडशिंग काटेरी जाळीच्या आडोशाला उगवतं, म्हणून निवडुंग दिसला की गाडी थांबवायची, जाळीत शिरायचं, हात ओरबाडून घ्यायचे. रानातलं, जिवंत, फुललेलं माकडशिंग एकदा तिला दाखवायचं. नुसत्या शब्दांनी माफी मागायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. उद्या सकाळी घर. घरी गॅलरीत कुंडीचा तो गोल डाग. आज सापडलं नाही तर हा अबोला जन्माचा, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

सूर्य कलला. सावल्या लांबल्या. माळ संपून दरी सुरू होते तिथला शेवटचा कडा, शेवटची जाळी. हेमलता गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभी. भास्कररावांनी पाहिलं. वाकून पाहिलं. काटे, नुसते काटे.

आणि वारा फिरला.

दरीतून वर आला एक उष्ण, मंद, कुजका झोत. ज्या वासानं अकरा वर्षं डोकं उठवलं, तोच, अगदी तोच!

"हेमा, वास येतोय!"

ओरडले, हसले, आणि नाक वर करून निघालेच कड्याकडे. येतोय, येतोय, इथूनच येतोय. गुडघे टेकले. वाकले. आणखी वाकले. हाताखालचा मुरूम सुटला, खडे घरंगळत दरीत गेले, आणि बऱ्याच वेळानं खाली वाजले.

"अहो! मागे या! मेलं ते झाड, मागे व्हा आधी!"

हेमलता धावली. शर्टाची कॉलर धरून तिनं त्यांना मागे खेचलं. एकवीस दिवसांचा बांध फुटला; ती रडत होती, आणि वर तोंडाचा पट्टा चालूच. "अक्कल गहाण टाकलीत का? मी काय एकटीनं घरी जायचं?"

भास्कररावांनी नुसतं बोट दाखवलं. कडेच्या हातभर खाली, एका जुनाट निवडुंगाच्या मुळाशी, माकडशिंगाचा झुबका. टोकाला श्यामजांभळा गेंद, आणि भोवती माशांची आरास.

ती पालथी पडून बघत राहिली. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"एक बोटभर तोडू?"

"हात लावून तर बघा!"

मग फुलावरची नजर न काढता, अकरा वर्षांत कधी न विचारलेलं तिनं विचारलं, "कसा येतो हो वास?"

भास्कररावांनी छातीभर श्वास घेतला.

"मेल्या उंदरासारखा," ते म्हणाले, आणि पुन्हा घेतला.

ऊन गेलं, रंग गेले, माळ विझला, फूल सावलीत मिसळलं. वास तेवढा येत राहिला, आणि ते घेत राहिले.