तोंडपाठ कॉम्प्युटर

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनीही पुढे या, जागा आहे. एका टायपिस्ट बाईंची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहानशी, एका दुपारची. तिच्यात कुणी मरत नाही, कुणी घर सोडून जात नाही. एक कॉम्प्युटर तपासला जातो, झाले. पण ऐका तरी.

या बाई एका मोठ्या इस्पितळासाठी घरूनच टायपिंग करायच्या. डॉक्टर रोगी तपासतात आणि काय दिसले ते यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणे बाईंच्या कॉम्प्युटरवर यायचे. बाई कानाला हेडफोन लावून ते ऐकायच्या आणि टाइप करून पाठवायच्या. डॉक्टर मंडळी बोलतात भरभर, अर्धे शब्द गिळतात, मध्येच जांभई देतात. बाईंना त्या जांभयांसकट सगळे उमगायचे. हात कळफलकावर आणि नजर खिडकीबाहेर, अशी त्यांची जन्माची सवय.

त्या सवयीमुळेच बाईंचे डोळे चालले आहेत हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

डोळे चालले म्हणजे कसे, तर मधले दिसेनासे झाले होते. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी मात्र धुके. बाईंना हे कळले तेही कामातूनच. एका डोळ्यांच्या डॉक्टरांचे बोलणे टाइप करताना कानावर आले, मध्यभाग धूसर, कडा शाबूत, सरळ रेषा वाकड्या दिसतात. बोटे चालतच राहिली. हे तर आपलेच वर्णन चालले आहे! बाईंनी तो अहवाल पुरा केला, पाठवला, आणि कुणाजवळ अवाक्षर काढले नाही.

का नाही काढले? आता तुम्हीच विचार करा. घरात एकदा कळले की आधी हातातली सुरी जाणार, मग गॅसपाशी उभे राहणे जाणार, मग खुर्ची जाणार. सुरी गेली तर जाऊ दे. खुर्चीचे मात्र त्यांना सोसणार नव्हते. यजमान गेल्यापासून त्या खुर्चीत बसले की बाईंना आपण कुणीतरी आहोत असे वाटायचे. उठल्या की नुसत्या कुणाच्या तरी सासूबाई.

घरात त्या आणि सून. मुलगा कामासाठी कायम फिरतीवर. सून औषधांच्या दुकानात सकाळपाळी करायची आणि दुपारी घरी यायची. दोघींचे वाकडे नव्हते, पण फार गोडही नव्हते. अलीकडे सुनेचे एकेक नखरे बाईंना खुपायला लागले होते. पांढरे कप माळ्यावर टाकून तिने गडद निळे कप आणले. दुधाचा चहा गडद कपात उठून दिसतो म्हणे! येण्याजाण्याच्या वाटेतले स्टूल तिने उचलून कोपऱ्यात नेले. मध्यंतरी कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून तो दुरुस्तीला घेऊन गेली. परत आला तो चांगला चपळ होऊन आला. बाई म्हणाल्या, धूळ साफ केली असेल. सून हो म्हणाली आणि भांडी लावायला लागली.

तर त्या दुपारी फोन आला. इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागातला एक तरुण होता. सगळ्या टायपिस्ट त्याला मशीनवाला म्हणायच्या, कारण त्याच्या तोंडी दुसरा शब्द नसे. त्याने सांगितले की नवे सॉफ्टवेअर येते आहे, ते जड आहे, म्हणून प्रत्येकीच्या मशीनची ताकद तपासायची आहे. ज्यांचे मशीन पुरे पडेल त्यांनी घरून काम करायचे. ज्यांचे पडणार नाही त्यांनी ऑफिसात येऊन बसायचे.

ऑफिस म्हणजे अनोळखी जिना, अनोळखी टेबल आणि चार जणींच्या आठ डोळ्यांसमोर चाचपडणे. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मशीनवाला म्हणाला, विंडोजची खूण असलेले बटण आणि वरच्या ओळीतले पॉजचे बटण एकदम दाबा, माहितीचे पान उघडेल, त्यावरचे मला वाचून दाखवा. बटणे बाईंनी न बघता दाबली. पान उघडले. उजेड बदलला एवढे त्यांना कळले, अक्षरे धुक्यात गेली.

पण बाईंना ते पान वाचायची गरजच नव्हती. हा कॉम्प्युटर त्यांच्या यजमानांनी घेतला होता, आणि घेतला तेव्हा त्याची सगळी कुंडली पाठ करून टाकली होती. घरी कुणी आले, मग तो दूधवाला का असेना, की यजमान पाठीमागे हात बांधून उभे राहायचे आणि ताल धरून म्हणायचे, चार कोअरचा प्रोसेसर, चार जीबीची रॅम, पाचशेची डिस्क, विंडोज दहा, आणि बोला काय हवे! ऐकून ऐकून बाईंच्या ओठांवर ते बसले होते, जशी लहानपणची प्रार्थना बसते.

तेव्हा बाईंनी वाचल्याचे सोंग केले. मध्ये थांबल्या, घसा खाकरला, चष्मा सारखा केल्याचा आवाजही केला. प्रोसेसर चार कोअरचा. रॅम चार जीबी. विंडोज दहा.

 मग मशीनवाला म्हणाला की रॅम निदान आठ लागेल, चारवर हे सॉफ्टवेअर उघडायलाच अर्धी दुपार घेईल. रॅम म्हणजे मशीनचा काम मांडायचा ओटा, त्याने समजावले, तो लहान असला की सारखे उचलाउचल आणि ठेवाठेव. त्याला वाईट वाटत होते हे त्याच्या आवाजात कळत होते. शेवटी तो म्हणाला, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मी वरिष्ठांना दाखवतो, जुन्या माणसांसाठी काही सवलत मिळते का बघतो.

फोटो काढायला वाचावे लागत नाही. बाईंनी मोबाइल पडद्यासमोर धरला, अंगठ्याच्या सवयीने बटण दाबले आणि पाठवून दिला. मग देवाचे नाव घेत बसून राहिल्या. सवलत दे असे त्यांनी देवाजवळ मागितले नाही, ऑफिसचा जिना रुंद असू दे एवढेच मागितले. माणूस हरला की त्याच्या मागण्यासुद्धा किती लहान होतात बघा.

फोन परत वाजला.

"बाई, तुम्ही चार म्हणालात."

"हो."

"इथं सोळा आहे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोटोत स्वच्छ दिसतंय. सोळा जीबी. आठ लागते, तुमच्याकडे दुप्पट आहे. तुम्ही वाचून दाखवलंत ना मला?"

चोर पकडला जावा तसे झाले. आता काही बोलायचे तर खोटेच, आणि एक खोटे झाकायला दुसरे आणावे हे बाईंना जमण्यासारखे नव्हते. जे पोटच्या मुलाला सांगितले नाही ते त्या परक्या पोराला सांगितले.

"मला मधलं दिसत नाही, बाळ. मी वाचलं नाही. पाठ होतं ते म्हटलं."

पलीकडे कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला, मग तो जरा हळू बोलला.

"माझ्या तक्त्यात फक्त मशीनची माहिती भरायची आहे, बाई. तुमचं मशीन पास आहे." आणि थोडे थांबून, "डोळे दाखवलेत का कुणाला? नाही ना? मग दाखवा. आणि इथं कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा."

फोन ठेवल्यावर बाई बऱ्याच वेळाने उठल्या. काम वाचले होते. पण चाराचे सोळा झाले कसे? यंत्राच्या पोटात कुणी हात घातला? यजमान तर वरून येऊन रॅम बसवून जाण्यातले नव्हते, गेले तेव्हाही चारचाच अभिमान घेऊन गेले. बाई भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सून भाजी निवडत बसली होती.

"पंखा दुरुस्तीला नेला होतास, त्यात आणखी काय केलंस गं?"

सुनेचा हात थांबला. ती म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरनंच सांगितलं. सोळा म्हणून."

मग सुनेने सगळे सांगितले. दुकानात असे डोळे झालेली माणसे औषधाची चिठ्ठी तिरकी धरून कडेने वाचतात, तशी सासूबाईंना वर्तमानपत्र धरताना तिने पाहिले होते. तिने विचारपूस केली. पडद्यावरचे वाचून दाखवणारा आवाज कॉम्प्युटरला बसवता येतो असे तिला कळले. दुरुस्तीवाला म्हणाला, चारावर टायपिंग आणि तो आवाज एकदम चालवाल तर अडखळेल, रॅम वाढवा. तिने वाढवली, आवाज बसवला आणि बंद करून ठेवला.

"बंद का ठेवलास? मला सांगायला काय तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुम्ही सांगितलंत मला?"

 बाईंना राग आला होता, खोटे कशाला बोला. इतके दिवस आपण झाकतो आहोत अशा तोऱ्यात वावरायचे आणि समोरच्याने निळे कप मांडून सगळे बघत बसायचे! पण त्या रागाला पाय नव्हते, तो दारातच बसला. बाई म्हणाल्या, "आणि माझी खुर्ची?"

"खुर्ची काढायची असती तर मशीन कशाला वाढवलं असतं, आई?"

असे म्हणून ती हात पुसत उठली. कॉम्प्युटरपाशी जाऊन तिने सासूबाईंची बोटे धरून तीन बटणांवर ठेवली आणि एकदम दाबायला लावली. ते पान अजून उघडेच होते. एक सपाट आवाज बोलू लागला. प्रोसेसरचे नाव त्याने सांगितले, रॅम सोळा जीबी सांगितली, विंडोज दहा सांगितले.

बाईंनी मान कलती करून ऐकले.

"तुझे सासरे म्हणायचे त्याची सर नाही याला," त्या म्हणाल्या. "ताल कुठाय?"

"उद्या मी सुट्टी टाकलीय," सून म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तिथं मात्र पाठ केलेलं म्हणू नका. दिसेल तेवढंच सांगा."

बाईंनी हेडफोन कानाला लावला. एक डॉक्टर जांभई देऊन थांबला होता, त्याचे पुरे करायचे होते.

गोष्ट एवढीच. तुम्हीही कधीतरी आपल्या यंत्राच्या पोटात काय आहे ते बघायला बसाल, ते पान उघडाल. आकडे वाचून झाले की घटकाभर त्या सुनेची आठवण काढा, आणि तिच्यासारखे तुमच्या घरात कुणी गुपचूप निळे कप मांडत असेल, तर त्याचीही.