सुकलालची बावीस मिनिटं

मंगाची पहिली लाथ मेघाच्या पोटात बसली. दुसरी सलाईनच्या स्टँडला लागली आणि स्टँड खिडकीवर जाऊन आदळला. चौघांनी दाबून धरलं तरी तो पलंगावरून उसळत होता.

"धर त्याचे पाय," कामिनी म्हणाली. "गुडघ्याच्या वर धर. खाली धरलंस तर पुन्हा खाशील."

मेघा पोट धरून उभी राहिली. तिला नोकरीला लागून आठच महिने झाले होते. "सिस्टर, हा काल मेलेला होता आणि आज कुस्ती खेळतोय."

कालचं खरंच होतं. शिरपूरच्या वरच्या एका पाड्यावरून त्याला जीपमध्ये घालून धुळ्याला आणलं, तेव्हा तो लुळा पडला होता. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सकाळपासून तो उघड्या अंगाने कपाशीवर फवारणी करत होता आणि वारा त्याच्याच दिशेने होता. विषावरचं ॲट्रोपिन सुरू केल्यावर फेस आटला, श्वास मोकळा झाला. पण याच औषधाने तोंड कोरडं पडतं, कातडी तापते आणि माणूस भ्रमात जाऊन समोर येईल त्याला मारतो. बारा वर्षांच्या नोकरीत कामिनीने असे पन्नास तरी रुग्ण पाहिले होते.

तिने त्याच्या मनगटांना कापूस गुंडाळला, वरून बँडेज बांधलं, दोन बोटं आत जातात का ते पाहिलं आणि दोन्ही टोकं पलंगाच्या दांड्याला आवळली. वळली तर दारात चमेलीबाई उभी होती, मंगाची बायको.

"बैलले बी असं कोनी बांधत नही," ती म्हणाली. "पानी मांगस तो. जीभ दखा त्यानी."

"पाणी छातीत जाईल, अक्का. थेंबसुद्धा द्यायचा नाही. आणि हात सोडायचे नाहीत."

एरवी कामिनी नातेवाइकांना बाकावर बसवायची आणि औषधानेच माणूस असा होतो, हे दोन दिवसांत उतरतं, असं सावकाश समजावायची. डॉक्टरांपेक्षा तिचं सांगणं त्यांना पटायचं. पण भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते आणि अकराला तिचा पेपर होता. "मेघा, लक्ष ठेव," एवढं बोलून ती आयसीयूच्या मागच्या रेकॉर्डच्या खोलीत गेली.

दोन वर्षं ती ड्युटी सांभाळून ऑनलाइन बीएस्सी नर्सिंग करत होती. बाकी सगळे पेपर सुटले होते. संशोधन आणि संख्याशास्त्राचा एकच राहिला होता, त्यात ती दोनदा नापास झाली होती, आणि तिसऱ्या खेपेला गेला तर नोंदणीच रद्द होणार होती. जळगावच्या एका नर्सिंग स्कूलने शिकवण्याची जागा तिच्यासाठी निकालापर्यंत धरून ठेवली होती. नवरा जळगावकडच्या दीपनगरच्या वीज केंद्रात, आठ वर्षांची मुलगी त्याच्याजवळ, आणि ही धुळ्यात भाड्याच्या खोलीत. जळगाव मिळालं की तिघं एका घरात राहणार होती.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात चेहरा सतत दिसायला हवा होता. तीस सेकंद दिसला नाही की पेपर आपोआप बंद. तिने दाराला आतून कडी घातली.

साडेबारापर्यंत तिचे पन्नासेक गुण नक्की झाले असावेत. ती प्रमाण विचलन काढत होती तेव्हा भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. साधा खोकला नव्हता तो. पाणी श्वासनळीत गेल्यावर येतो तसा, ओला आणि खोल, एकामागून एक. मग मेघाची किंकाळी. "कोणी सोडले हात? पाणी कोणी दिलं याला?"

मग काच फुटली.

"मना भाऊले बांधीसन मारी टाकं!" पुरुषाचा आवाज होता. "पानी सुद्धा दिनं नही!"

कामिनीची पेन्सिल थांबली. पडद्यावर तिचाच चेहरा होता, कोपऱ्यातल्या चौकटीत. काहीतरी जड भिंतीवर आपटलं, फाइलींचा रॅक हलला. मेघा आता ओरडत नव्हती. खोकलाही थांबला होता, आणि कामिनी उठली ती त्यामुळे. खोकतोय तोवर माणूस श्वास घेत असतो.

तिने कडी काढली.

आयसीयूत पंधरावीस माणसं घुसली होती. मॉनिटर जमिनीवर पडून त्याच्या तारांतून ठिणग्या उडत होत्या. इतर दोन रुग्णांचे पलंग भिंतीला ढकललेले, त्यातल्या म्हाताऱ्याने डोक्यावर उशी घेतली होती. मेघा औषधांच्या कपाटाशी बसली होती. तिचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून रक्ताची धार गणवेशावर पडत होती. तिच्यासमोर सुकलाल उभा होता, मंगाचा थोरला भाऊ, हातात सलाईनचा लोखंडी स्टँड.

पलंगावर मंगा निळा पडत चालला होता. उशाशी पाण्याचा तांब्या कलंडला होता. चमेलीबाई त्याचे सुटलेले हात चोळत होती.

"बाजूला व्हा!" कामिनी गर्दीत घुसली. कुणीतरी तिचे केस धरले. कुणीतरी पाठीत बुक्की घातली. ती पलंगाचा दांडा धरून पुढे सरकली, मंगाला कुशीवर वळवलं आणि तोंडात बोट घालून पाणी आणि चिकट लाळ बाहेर ओढली. सक्शनची नळी आत घातली. यंत्र अजून चालू होतं.

"हाईच ती! हिनीच बांधं!"

स्टँड तिच्या डाव्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण उजव्या हातातली नळी तिने सोडली नाही. नळीतून पाणी गुरगुरत वर आलं. छाती मात्र हलली नाही.

तिने दाताने पिशवीवरचं प्लास्टिक फाडलं. श्वास देण्याची रबरी पिशवी होती ती. मास्क मंगाच्या तोंडावर घट्ट दाबायला एक हात लागतो आणि पिशवी दाबायला दुसरा. मेघा उठू शकत नव्हती. आयसीयूचे डॉक्टर नीलेश गावाच्या दुसऱ्या टोकाला एका ऑपरेशनला गेले होते. वॉर्डातले बाकीचे लोक केव्हाच जिन्याने खाली पळाले होते.

सुकलालने स्टँड पुन्हा उचलला.

"मारायचंय तर मार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण आधी ही पिशवी दाब. मला एकच हात राहिलाय. तू दाबली नाहीस तर तुझा भाऊ पाच मिनिटांत जाईल, आणि तो तुझ्या हातून जाईल."

"फसाडी ऱ्हायनी ती, सुकाभाऊ! मार!"

सुकलालने भावाच्या ओठांकडे पाहिलं. मग त्याने स्टँड टाकला. त्याच्या बोटांवर मेघाचं रक्त होतं. त्याच बोटांनी त्याने पिशवी धरली.

"दाब. सोड. एवढ्या जोरात नको, फुप्फुस फाटेल. दाब. सोड."

मंगाची छाती वर आली, खाली गेली. मागून कुणीतरी तिच्या मानेवर चप्पल मारली. सुकलाल मान न वळवता ओरडला, "ऱ्हाऊ दे रे! मुडदा बसाडसू एकेकना!"

घड्याळ अजून भिंतीवर होतं. बारा एकेचाळीसला त्याने सुरुवात केली. सात मिनिटांनी मंगाच्या ओठांचा निळा रंग उतरायला लागला. एक वाजता पोलीस आणि डॉक्टर नीलेश एकाच वेळी आले. पोलिसांनी दिसेल त्याला झोडपलं. जिन्यावर बायका तुडवल्या गेल्या. सुकलालच्या पाठीवर काठ्या पडल्या. प्रत्येक काठीला त्याचा श्वास अडकायचा, पण पिशवीचा ठेका त्याने चुकू दिला नाही.

"त्याला मारू नका!" कामिनी ओरडली. "घशात नळी जाईपर्यंत थांबा!"

ते थांबले नाहीत. डॉक्टरांनी घशात नळी टाकून मशीन जोडलं तेव्हा एक वाजून तीन मिनिटं झाली होती. त्यानंतरच सुकलालने हात काढला. मग त्याला केस धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं.

तिसऱ्या दिवशी हवालदार तक्रारीचा जबाब घ्यायला आले. कामिनीचा हात प्लास्टरमध्ये होता. विद्यापीठाने कळवलं होतं की पेपर बंद झाला, संधी संपली. हल्ल्याच्या पोलीस तक्रारीची प्रत आज पाचपर्यंत पाठवली तरच फेरविचार होईल. साडेतीन वाजले होते.

ती सांगत गेली, हवालदार लिहीत गेले. "मग त्याने पिशवी दाबली," ती म्हणाली. "बावीस मिनिटं. म्हणून रुग्ण वाचला."

हवालदारांनी पेन कागदावरून उचललं. "ते कशाला, सिस्टर? आरोपीचा वकील तेवढंच धरून बसेल. लिहायचंच असेल तर साहेबांना विचारावं लागेल. साहेब दोंडाईचाला गेलेत. उद्या येतो, प्रतही उद्याच."

शेजारच्या पलंगावर मेघा होती. जबडा तारांनी बांधलेला. तिने उशीखालून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि पान कामिनीकडे धरलं. *नको ते. माझे सहा दात गेलेत.*

कामिनीने ते पान दोनदा वाचलं. मेघाने पान खाली केलं नाही.

"सोडा ते," कामिनी हवालदारांना म्हणाली आणि सही केली. प्रत चार वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाला गेली. सहाला उत्तर आलं. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात.

आठवड्याने मंगा मशीनवरून निघाला. स्वतः श्वास घेऊ लागला, चमच्याने पेज घेऊ लागला. कामिनी त्याला पाहायला आयसीयूत गेली. चमेलीबाई बाकावर होती. सुकलालला जामीन मिळाला नव्हता.

"त्यानी पिशवी दाबी म्हनीसन सांगं ना तुनी, पोलीसले?"

कामिनीला हो म्हणता आलं असतं. ही बाई जबाबाचा कागद वाचणार नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "सांगितलं होतं. ते लिहून घेईनात. मग मीच सोडा म्हटलं. मला परीक्षेसाठी तो कागद त्याच दिवशी हवा होता. आणि मेघाचा जबडा त्यानेच फोडलाय."

चमेलीबाई उठली. मग तिने हात उचलला.

तो हात येताना कामिनीला दिसला. तिने मान वळवली नाही.